कम्प्युटरचा बंदोबस्त

सोमवारी सकाळी साडेदहाला आबासाहेब बोठे स्वतः माझ्या प्रेसच्या पायऱ्या चढून आले आणि त्यांनी विचारलं, "उजागरे, मी कवा गेलो?"

मी म्हणालो, "कुठे?"

"वर."

 मी खुर्ची पुढे केली. आबासाहेब बसले नाहीत. त्यांनी काखेतून आमच्याच प्रेसमध्ये छापलेली पानं काढली, चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "संस्थेचे विद्यमान अध्यक्ष कै. आबासाहेब बोठे यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली." मग चष्मा काढून म्हणाले, "गेलो तर गेलो. पन तारीख तरी टाकायची, म्हंजी दहावं कवा घालायचं ते घरच्यांना कळंल."

पानं माझ्या हातात आली. आबासाहेब म्हणाले ते खरं होतं. उलट त्यांचे वडील, संस्थेचे संस्थापक कै. रंभाजी बोठे, यांच्या नावामागचं 'कै.' नाहीसं झालं होतं आणि सतरा वर्षांपूर्वी वारलेले रंभाजी पान चारवर धडधाकट जिवंत होते. बापाचं मरण लेकाला चिकटलं होतं.

ही १९९८ सालची गोष्ट. राहात्यात नगर-मनमाड रस्त्याला लागून माझं 'उजागर ऑफसेट' आहे. आबासाहेबांच्या दूध संस्थेला पंचवीस वर्षं होत होती, त्या निमित्तानं बत्तीस पानांची स्मरणिका छापायचं काम माझ्याकडे होतं. समारंभ येत्या रविवारी. पहिली सोळा पानं छापून झाली होती आणि नमुना म्हणून एक प्रत मी मोठ्या हौसेनं आबासाहेबांच्या मळ्यावर पाठवली होती.

"मला कायबी न्हाई," आबासाहेब म्हणाले. "मानसाच्या हातनं चूक व्हती. पन नातवानं ते म्हातारीफुडं वाचलं. आई कालपासून भाकरीला शिवली न्हाई. म्हनती, आदी माझा नंबर हुता, छापनाऱ्यानं रांग मोडली." पायऱ्या उतरताना ते थांबले. "रविवारी शेपाचशे मानूस येनार हाय. जमत आसंल तर सांगा, न्हाईतर नगरला टाकतो."

पंचवीस वर्षं संस्थेचा प्रत्येक कागद, दुधाच्या चिठ्ठीपासून निवडणुकीच्या पत्रकापर्यंत, आमच्याकडे छापला जात होता. 'नगरला टाकतो' हा शब्द माझ्या छातीत खिळ्यासारखा बसला.

अशा वेळी शहाणा माणूस पाणी पितो आणि विचार करतो. मी पाणी प्यायलो आणि जयमालाताईंवर ओरडलो.

जयमाला पगारे आमच्या कम्प्युटरवर काम करायच्या. तीस-बत्तीसचं वय, घरी दोन मुलं, आणि कान्याची चूक दहा हातांवरून दिसेल अशी नजर. माझी बडबड त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "भाऊ, शुक्रवारी तुम्हीच सही केलेलं प्रूफ बरोबर होतं. शनिवारी त्याच फाईलवरून प्लेटसाठी पहिल्या सोळा पानांचं ट्रेसिंग काढलं. मधल्या काळात मी एक अक्षर हलवलेलं नाही."

"मग 'कै.' काय स्वतःच्या पायांनी चालत गेलं?"

"बघूया," त्या म्हणाल्या आणि फाईल उघडली.

पान चार. 'कै.' आबासाहेबांकडेच होतं. पण शुक्रवारी जिथे 'संस्थेचे शुद्ध दूध' असं होतं तिथे आता 'संस्थेचे शुद्ध पाणी दूध' असं दिसत होतं. ते 'पाणी' खालच्या परिच्छेदातल्या गावच्या पाणी योजनेतून वर आलं होतं. जयमालाताईंनी फाईल बंद करून परत उघडली. पाणी तिथेच होतं, पण आता 'उपाध्यक्ष' हा शब्द पशुखाद्याच्या यादीत सरकी आणि पेंड यांच्या मधोमध जाऊन बसला होता.

 दूध संस्थेच्या स्मरणिकेत दूध या शब्दाशेजारी पाणी हा शब्द आला असता, तर नगरला काय, मला मुंबईलाही कुणी काम दिलं नसतं.

"व्हायरस आहे, भाऊ," जयमालाताई म्हणाल्या. "फाईल उघडली की दर वेळी प्रत्येक पानावरचा एखादा शब्द उचलून दुसरीकडे टाकतो. आता ही फाईल कुणी उघडू नका. माझ्याकडे फ्लॉपीवर चांगली प्रत आहे. नगरहून पंकजला बोलावू, तो मशीन साफ करून देईल."

इतकं सरळ होतं सगळं. मी तेवढं ऐकलं असतं, तर ही हकिकत इथेच संपली असती आणि मी आज जास्त मानानं वावरलो असतो.

पण माझा स्वभाव असा आहे की, माझ्या वास्तूत चोर शिरला असं कळल्यावर मी दुसऱ्याला बोलावून स्वस्थ बसू शकत नाही. शिवाय तोवर बातमी बाहेर गेली होती. शेजारच्या मेडिकल दुकानाचे रंगनाथ सदाफळ हातातलं गिऱ्हाईक सोडून आले.

"व्हायरस झालाय म्हणे?"

"कम्प्युटरला."

"तापलाय का?" असं म्हणून त्यांनी मॉनिटरच्या डोक्यावर पालथा हात ठेवला. "कणकण आहे. हे बघा उजागरे, व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, हे मी गिऱ्हाइकांना घसा कोरडा करून सांगतो. आराम हाच उपाय. पंखा लावा आणि दमट हवेपासून जपा." जाताना त्यांनी जंतुनाशकाची एक बाटली ठेवली आणि फ्लॉप्या कापसानं पुसून घेण्याची पद्धत करून दाखवली. जयमालाताईंनी दोन फ्लॉप्या वेळीच त्यांच्या हातून काढून घेतल्या.

मग लोक येतच राहिले. शब्द उड्या मारतात म्हटल्यावर कुणाला बघावंसं वाटणार नाही? आणि आपल्या घरी पाहण्यासारखं काही असलं की दाखवावंसं कुणाला वाटणार नाही? जयमालाताई जेवायला घरी गेल्या होत्या. मी फाईल उघडायचो, पाहुण्यांना उडालेला शब्द शोधायला लावायचो, ती बंद करायचो, परत उघडायचो. पानवाला, बँकेतले दोन शिपाई, एस.टी.चे कंट्रोलर, कोर्टातले टंकलेखक, सगळे बघून गेले. टंकलेखक तर दोनदा आले. जयमालाताई परत आल्या तेव्हा मी ती फाईल चाळीस-पन्नास वेळा उघडली होती आणि स्मरणिकेत एकही वाक्य आपल्या जागेवर राहिलं नव्हतं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मग मॉनिटर बंद केला. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी मी बंदोबस्त हाती घेतला.

पहिलं कलम, कम्प्युटरच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. दुसरं, चपला बाहेर. तिसरं, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद रजिस्टरमध्ये. त्यात दुपारपर्यंत जयमालाताईंचं नाव अकरा वेळा झालं, कारण पाण्याचा माठ बाहेर होता. चौथं, गोपनीयता. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून मी स्मरणिकेची सगळी जुनी प्रुफं गोळा केली आणि मागच्या अंगणात जाळून टाकली. शत्रू कोण, हे अजून ठरलं नव्हतं. पण माझा रोख श्रीरामपूरच्या एका छापखानेवाल्यावर होता. तो माझ्या बायकोच्या मावसबहिणीचा दीर लागतो आणि त्याचं नाव केविन आहे. गेल्या नाताळात त्यानं माझ्या कॅलेंडराला नावं ठेवली होती.

पाचवं कलम पासवर्ड. मशीन सुरू करतानाच विचारला जाईल असा पासवर्ड ठेवता येतो, एवढं मी माहितीपुस्तिकेतून वाचून काढलं आणि संध्याकाळी एकट्यानं दार लावून तो ठेवला. कुणाला सांगितला नाही, कुठे लिहिला नाही.

त्या संध्याकाळी घरी गेलो तर ओट्यावर चर्चच्या महिला मंडळातल्या सहा-सात बायका. कुणाच्या हातात मोसंबी, कुणाच्या हातात पेजेचा डबा. माझी बायको आराधना दारात संकोचून उभी होती. झालं असं होतं की, आपल्या शाळेतल्या एका सहशिक्षिकेला तिनं "आमच्याकडे व्हायरसनं गोंधळ घातलाय" एवढंच सांगितलं होतं. ते पाळकसाहेबांपर्यंत पोचेतो 'उजागरे कुटुंबातलं एक माणूस अंथरुणाला खिळलंय' असं झालं होतं.

"कुठं निजवलंय?" त्यातल्या वडीलधाऱ्या दीनाबाईंनी हलक्या आवाजात विचारलं.

"प्रेसमध्ये," मी म्हणालो.

"एकट्याला?"

"कुलूप लावून आलोय."

बायकांनी माझ्याकडे जसं पाहिलं ते मी विसरणार नाही. आराधनेनं सगळा उलगडा केल्यावरही मोसंबी त्यांनी परत नेली नाहीत. प्रार्थना मात्र केलीच. "हे प्रभू, त्या यंत्राला आराम दे आणि आमच्या या भावाला शहाणपण दे," असं दीनाबाई म्हणाल्या, तेव्हा सगळ्यात मोठा 'आमेन' आराधनेचा होता.

बुधवारी सकाळी मी पोलिसांत गेलो.

फिर्याद द्यायची तर पुरावा पाहिजे. म्हणून वाटेत प्रेसमध्ये डोकावून मी व्हायरस लागलेल्या फाईलची सोमवारीच काढून ठेवलेली एक फ्लॉपी घेतली. आधी काय होतं आणि नंतर काय झालं हे साहेबांना कळावं म्हणून जयमालाताईंच्या खणातली चांगल्या प्रतीची फ्लॉपीही घेतली. त्या अजून यायच्या होत्या. विचारायला थांबलो नाही. मालकानं आपल्याच प्रेसमध्ये काय विचारायचं?

ठाण्यात हवालदार गोरक्षनाथ घुले होते. शांत माणूस. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला आणि कोरा कागद ओढला.

"काय चोरीला गेलं?"

"चोरीला काही नाही. शब्द हलले."

"हलले म्हंजे गेले का?"

"गेले नाहीत. तिथेच आहेत, पण जागा बदलून."

गोरक्षनाथांनी पेन खाली ठेवलं. "म्हंजे बगा, गोठ्यात म्हशी हायेत तेवड्याच, पन कुनीतरी दाव्यांची आदलाबदल केली."

मला हा माणूस एकदम आवडला. "अगदी बरोबर!"

"आरोपीचं वर्नन?"

"दिसत नाही."

"आत शिरला कुठून? कौलं काढून का कुलूप तोडून?"

"फ्लॉपीतून."

त्यांनी कपाटातून कायद्याचं जाडजूड पुस्तक काढलं. घरफोडीत बसेना, कारण कुणी शिरलं नव्हतं. चोरीत बसेना, कारण काही गेलं नव्हतं. बनावट दस्तऐवजात जवळजवळ बसत होतं, पण मग ज्यानं दस्तऐवज छापला तो आरोपी होतो, असं त्यांनी फार सौजन्यानं माझ्या नजरेला आणून दिलं. ते कलम मी नको म्हणालो. शेवटी 'आगळीक' या कलमावर बोट थांबलं. "दुसऱ्याच्या शेतात गुरं घातली की ह्येच लावतो आमी," ते म्हणाले आणि लिहायला लागले. "संशय कुनावर?"

मी केविनचं नाव घेणार होतो. पण जिभेवर आल्यावर आराधनेचा चेहरा दिसला. "अज्ञात इसम," मी म्हणालो. त्या दिवशी केलेली एवढी एकच गोष्ट मला आजही बरोबर वाटते.

मग मुद्देमाल. दोन्ही फ्लॉप्या मी टेबलावर ठेवल्या. ही आधीची, ही नंतरची. गोरक्षनाथांनी त्यांचा नंबर लिहिला, वजन हातावर तोललं आणि खणातून दाभण काढलं.

"अहो, हे कशाला?"

"कागदाला जोडायला लागतं ना. सुटं ऱ्हायलं तर हारवतं."

मी 'थांबा' म्हणेपर्यंत पहिली फ्लॉपी आरपार झाली होती. मी 'आई गं' म्हणेपर्यंत दुसरी. त्यांनी त्यातून सुतळी ओवली, घट्ट गाठ मारली आणि वर लाखेचं सील बसवून कौतुकानं म्हणाले, "आता ह्यातलं हाललं तर मला सांगा."

मी प्रेसवर आलो तेव्हा जयमालाताई कुलूप लावलेल्या दारासमोर स्टुलावर बसल्या होत्या. मी दार उघडलं. त्यांनी खण ओढला. रिकामा खण त्यांनी दोनदा चाचपला.

"भाऊ, इथली फ्लॉपी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, दाभणासकट.

त्यांनी खण सावकाश बंद केला. मग म्हणाल्या, "बाकीचा मजकूर सेक्रेटरींच्या हस्ताक्षरात आहे, तो परत टाईप करता येईल. पण रंगुबाईंची आठवण अजून न छापलेल्या पानांत होती आणि ती कागदावर नव्हती. आजी इथे येऊन बसल्या होत्या, त्या बोलत गेल्या तशी मी थेट टाईप करत गेले. दोन तास. त्याची एक प्रत मशीनमध्ये, ती तुम्ही लोकांना दाखवून दाखवून विस्कटली. एक प्रुफावर, ते तुम्ही जाळलं. आणि एक या फ्लॉपीवर."

रंगुबाई म्हणजे आबासाहेबांच्या आई. ऐंशी वर्षांच्या. रंभाजींनी दूध संस्था सुरू केली तेव्हाचं सगळं त्यांनी सांगितलं होतं, आणि ते सांगू शकणारं त्या घरात दुसरं कुणी उरलं नव्हतं. आणि आता त्याच रंगुबाई माझ्यामुळे जेवत नव्हत्या.

"मशीन तरी सुरू करा," जयमालाताई म्हणाल्या. "विस्कटलेल्यातून काय जुळतं ते बघते."

मी पासवर्ड टाकला. मशीननं नाकारला.

पासवर्ड 'मुद्रणालय' असा होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती आणि आजही नाही. प्रश्न एवढाच होता की तो मी इंग्रजी अक्षरांत टाकला होता, आणि 'मुद्रणालय' इंग्रजीत लिहिताना माणूस शेवटी ए घालतो की नाही, आणि मधे एक ए घालतो की दोन, हे त्या त्या वेळच्या मनःस्थितीवर असतं. तीनदा चुकलं की मशीन गप्प व्हायचं. ते परत सुरू करून मी दुपारी चारपर्यंत मुद्रणालय या शब्दाचे सगळे अवतार टाकून पाहिले. आराधना शाळेतून परस्पर तिथे आली. म्हणाली, "अहो, माझी जन्मतारीख टाकून बघा, लोक तीच ठेवतात म्हणे." ती मी ठेवली नसणार याची मला खात्री होती, कारण ती मला नक्की पाठ नव्हती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं जयमालाताईंनी बोलावलेला पंकज नगरहून आला. चाळिशीतला सडसडीत माणूस, हातात स्क्रू-ड्रायव्हरची पिशवी. मी त्याला बंदोबस्ताची पाचही कलमं ऐकवली. त्यानं ऐकता ऐकता डबा उघडला, आतून रुपयाएवढी गोल बॅटरी काढली, चहाचा कप संपेपर्यंत बाजूला ठेवली आणि परत बसवली. मशीन सुरू झालं. पासवर्ड विचारलाही नाही.

"एवढंच?" मी म्हणालो. माझ्या आवाजात आनंदापेक्षा दुःख जास्त होतं.

"डबा उघडता येणाऱ्याला एवढंच," पंकज म्हणाला. "कुलूप लावलंत ते ठीक. पण हा जो आलाय तो दारातून आलेला नाही. या महिन्यात नवीन फ्लॉपी कुणी घातली?"

जयमालाताईंनी त्यांची वही काढली. माझ्या रजिस्टरच्या कितीतरी आधीपासून त्या एक वही ठेवत होत्या हे मला तेव्हा कळलं. आलेली प्रत्येक फ्लॉपी, कुणाची, कधी तपासली. "सगळ्या तपासून घेतल्यात," त्या म्हणाल्या.

पंकजनं मशीनमधल्या फाईली तारखेप्रमाणे लावल्या. एकेक उघडून बघत खाली आला आणि एका नावावर थांबला. "ही वहीत नाही. 'मनोगत'."

जयमालाताईंनी वही मिटली.

'मुद्रकाचे मनोगत' हा स्मरणिकेत घालण्यासाठी मी स्वतः लिहिलेला लेख होता. कुणी मागितला नव्हता. जयमालाताईंना आश्चर्याचा धक्का द्यावा म्हणून मी तो बाजारतळाजवळच्या एका कम्प्युटर क्लासमध्ये बसून टाईप केला होता आणि मागच्या गुरुवारी त्या चहा प्यायला गेल्या असताना फ्लॉपी आत सरकवली होती. नंतर वाचताना त्यात 'मुद्रक हा समाजाच्या शाईचा अंधार आरसा आहे' असं एक वाक्य मला दिसलं होतं. मी असं लिहिल्याचं आठवत नव्हतं, पण ते इतकं खोल वाटलं की तसंच ठेवलं.

"हाच," पंकज म्हणाला. "त्या क्लासच्या मशीनमधून तुमच्या लेखात, लेखातून बाकी सगळ्या फाईलींत."

मी जयमालाताईंकडे बघू शकलो नाही. सोमवारी मी त्यांना काय काय बोललो होतो ते सगळं एकेक करून परत ऐकू येऊ लागलं. मी म्हणालो, "ताई, चूक माझी. तुम्हाला बोललो तेही चुकलं." 

त्यांनी मान हलवली. "ठीक आहे. पण यापुढे मी सांगेन तसं. फ्लॉपी कुणाचीही असो, तुमची असली तरी, आधी माझ्या हातात. चांगल्या प्रतीच्या दोन फ्लॉप्या, त्यांची खिडकी उघडी ठेवून, म्हणजे वर काही लिहिलं जात नाही. एक इथे, एक आराधनाताईंच्या शाळेच्या कपाटात. आणि काही बिघडलं की पहिल्यांदा मला सांगायचं, पोलिसांना नंतर."

"कबूल."

"आणि चपला आत."

पंकजनं मशीन धुऊन-पुसून दिलं. मी उठून ठाण्यात गेलो. गोरक्षनाथांना सगळं सांगितलं. त्यांनी सील लावलेली फिर्याद पुढ्यात ओढली.

"म्हंजे फिर्यादी बी तुमी आन् आरोपी बी तुमी?"

"हो."

"लई दिसांनी तपास यवढ्या लवकर लागला," असं म्हणून त्यांनी समाधानानं फिर्याद मागे घेतल्याचा जबाब लिहून घेतला. फ्लॉप्या मी परत मागितल्या नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी आणि जयमालाताई आबासाहेबांच्या मळ्यावर गेलो. रंगुबाई पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर ताटात भाकरी तशीच. मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"आजी, मी तो छापणारा."

त्यांनी डोळे बारीक केले. "तूच का रं माझ्या लेकाला मारनारा?"

"मीच. यंत्रात बिघाड झाला, तो मीच केला होता. आणि तुम्ही सांगितलेलं सगळं हरवलं, तेही माझ्यामुळे. परत सांगाल का, हे विचारायला आलोय."

"सगळं?"

"सगळं."

"दोन तास बोलले हुते मी. आन् तू हारवलंस?" त्यांनी ताट जवळ ओढलं. मला वाटलं आता ते माझ्या अंगावर येणार. पण त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग उपाशीपोटी कसं सांगू? वाईच कोरड्यास आन गं," त्या सुनेला म्हणाल्या. दारात उभे असलेले आबासाहेब गुपचूप आत वळले.

जयमालाताई वहीत लिहीत होत्या, मी नुसता ऐकत होतो. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी रंभाजींनी घरोघर फिरून दूध जमवलं, पहिल्या दिवशी नऊ घरांचं मिळून अकरा लिटर. सायकलला कॅन बांधून ते सडकेपर्यंत नेलं, कारण तिथे गाडी येणार होती. गाडी आली नाही. ऊन चढत गेलं. मागच्या वेळी गोष्ट इथेच संपली होती, असं जयमालाताईंनी मला नंतर सांगितलं. 'मग दुसऱ्या दिवसापासून गाडी आली' एवढंच होतं.

"मग त्या दुधाचं काय झालं, आजी?" मी सहज विचारलं.

रंगुबाईंनी हातातला तुकडा ताटात ठेवला. "त्ये मागं सांगितलं न्हाई मी. ह्यांनी कुनाला सांगू नको म्हनले हुते. सडकंवर खडी फोडनारी मानसं हुती, त्यांची पोरं झाडाखाली. ह्ये कॅन घिऊन तिथं बसले आन् समदं दूद पोरांना वाटलं. घरी आले आन् रडले. म्हनले, लोकांचं दूद मी वाटलं, आता त्यांना काय त्वांड दाखवू? नऊ घरी आमी दोगं गेलो. कुनी बी काय बोललं न्हाई. दुसऱ्या दिशी नऊच्या तेरा घरांनी दूद घातलं."

दाराआड आबासाहेबांचा खोकल्यासारखा आवाज आला. इतकी वर्षं अध्यक्ष असून त्यांना हे माहीत नव्हतं.

शनिवारी उजाडल्यापासून मी वाचत गेलो, जयमालाताई टाईप करत गेल्या, आराधना मागून एकेक शब्द मूळ कागदाशी ताडत गेली. ट्रेसिंग काढल्यावर तेही परत वाचलं, प्लेट झाल्यावर तीही. 'कै.' जिथे हवं तिथेच आहे, हे मी बोट ठेवून सात वेळा पाहिलं. 'मनोगत'साठी मनात राखून ठेवलेलं पान मी स्वतः सोडून दिलं. त्या पानावर रंगुबाईंची गोष्ट वाढवून बसली. दिवस मावळायच्या आत पाचशे प्रती बांधून झाल्या.

रविवारी संस्थेच्या आवारात मांडव भरला होता. पहिली प्रत रंगुबाईंच्या हातात दिली. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पानं चाळली, अक्षरांवरून हात फिरवला आणि माईकवर चाललेलं भाषण थांबवून म्हणाल्या, "त्या पोरीला बोलवा. तिनं वाचावं."

आबासाहेबांनी माईक जयमालाताईंकडे दिला. त्या मांडवासमोर उभ्या राहून वाचू लागल्या. सायकल, सडक, न आलेली गाडी.  पोरांना दूध वाटल्याचं आलं तेव्हा आबासाहेबांनी उपरणं डोळ्यांना लावलं. मी खुर्चीत ताठ बसलो. हे आपण छापलं, असं मला वाटत होतं.

"थांब," रंगुबाई म्हणाल्या. "म्हशीचं नाव कुटंय?"

जयमालाताईंनी पान पाहिलं. "कुठल्या म्हशीचं, आजी?"

"अगं, दुष्काळात आमच्याकडं येकच म्हस जगली. पयलं दूद तिचं. समद्या मानसांची नावं घातली, आन् जिनं दूद दिलं तिचं न्हाई?"

मांडवात हशा झाला. रंगुबाई हसल्या नाहीत. आबासाहेबांनी मांडवभर नजर फिरवली आणि मला शोधून काढलं.

"उजागरे," ते माईकवरून म्हणाले, "पेन हाय का?"

जेवणाच्या पंगती बसल्या तेव्हा मी, आराधना आणि जयमालाताई मांडवाच्या कडेला टेबल टाकून बसलो होतो. पाचशे प्रती, प्रत्येक प्रतीत पान एकवीस, ओळ सहा, रंभाजींच्या नावानंतर हातानं एक शब्द, म्हशीचं नाव. लोक जेवून हात धुवून रांगेत येऊन उभे राहत होते. काही जण रंगुबाईंकडे वळून 'तिची शिंगं कशी हुती?' असं विचारत होते आणि त्या सांगत होत्या. माझा हात दुखायला लागला होता. दोनशेव्या की तिनशेव्या प्रतीवर घाईत मी अनुस्वार विसरलो. जयमालाताईंनी ती प्रत बाजूला काढली, माझ्यासमोर परत ठेवली आणि बोट ठेवून दाखवलं. मी टिंब दिलं. पान वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली आणि पुढच्या माणसाच्या हातात दिली. तो माणूस तिथेच उभा राहिला आणि मोठ्यानं वाचून बघू लागला: "चंद्री."